संत्र्याच्या पानांचा रस आणि शेऱ्याचा रकाना

पांढुर्णा,
माघ वद्य द्वितीया, शके १८७८, शनिवार

रा. रा. रघुनाथराव यांस मोरेश्वराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच. उजव्या गुडघ्याने गेल्या पावसाळ्यात राजीनामा दिल्यापासून माझ्याकडे सातच अंगे उरली आहेत.) इकडील सर्व ठीक. सौ. वच्छला बरी आहे. चि. विजया मॅट्रिक होऊन घरी बसली आहे आणि माझ्या चुका काढण्यात तिचा वेळ बरा जातो. सौ. वहिनींच्या दम्याला भोपाळचे तळे मानवते की नाही ते कळवा. तिकडे ज्वारी मिळते का, आणि मिळाल्यास तिची भाकरी थापताना फाटते का, हेही सविस्तर लिहा. येथे चार घरचे लोक मला विचारून राहिले आहेत, जणू भोपाळला मीच गेलो आहे. तुमच्या बदलीला साडेतीन महिने झाले, पण माझ्या डोक्यात त्याचा उलगडा अजून होत नाही. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मी मध्यप्रदेशात झोपलो आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला मध्यप्रदेशातच उठलो. बाटली तीच, बाटलीवरची चिठ्ठी तीच, राज्यांच्या पुनर्रचनेत आतले नागपूर तेवढे कोणीतरी ओतून दिले आणि राजधानी म्हणून भोपाळ भरून ठेवले. आम्हाला कोणी सांगितले नाही. (सांगितले असेल, पण हिंदीत, आणि ते परिपत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर पेपरवेटखाली होते.) आता शाळा तपासायला साहेब दक्षिणेऐवजी उत्तरेकडून येतात, एवढाच फरक मला समजला आहे. त्यामुळे आम्ही फाटकाकडे तोंड करून उभे राहतो ती दिशाही बदलली.

मुद्द्याकडे येतो. सौसरहून तुमच्या भगिनी शकुबाई यांचे पत्र तुम्हाला एव्हाना पोचलेच असेल. त्यात तुमचा चि. मुकुंद दारू पिऊ लागला, असे लिहिले असणार. तसे नाही. दारू पाने पितात. मुकुंद फक्त बघतो. तुम्हाला ठाऊकच आहे की, एम. एस्सी. झाल्यावर तो नागपुरास संशोधन करतो आहे. (कशावर, हे मी त्याला सहा वेळा विचारले आणि सहाही वेळा मला समजले, पण दर वेळी निराळे.) झाडावरून नुकत्याच तोडलेल्या पानांचा हिरवा रंग काढून तो उन्हात कसा उडतो ते पाहायचे, असे त्याच्या प्राध्यापकांनी सांगितले. संत्र्याची पाने आणि फुकटचे ऊन या दोन गोष्टी आपल्याकडे मुबलक. म्हणून तो प्रथम सौसरला आत्याकडे उतरला; सोबत एक पितळी नळी, खलबत्ता आणि स्पिरिटच्या सहा बाटल्या. शकुबाईंना वास आला. त्यांनी दाराआडून पाहिले, तर भाचा पाने ठेचून बाटलीत भिजवून राहिला आहे आणि वरून नळी लावून, किती चढली ते पाहून राहिला आहे. "तुझ्या बापानं भोपाळ गाठलं अन् तू बाटली गाठली," असे म्हणून त्यांनी सहाही बाटल्या जास्वंदीच्या मुळाशी रिकाम्या केल्या. जास्वंद अद्याप शुद्धीवर आली नसल्याचे कळते. मुकुंद त्याच संध्याकाळच्या बसने नळी घेऊन आमच्याकडे आला. स्पिरिट येथल्या दवाखान्यातून मी मागून आणले. (कंपाउंडर माझा विद्यार्थी. त्याने बाटली दिली आणि 'मास्तर, जपून' एवढेच म्हणाला. मी त्याला काही समजावून सांगितले नाही. मला स्वतःला समजले असते तर सांगितले असते.)

तेव्हा दारूची काळजी सोडा. खरी काळजी निराळी आहे. मुकुंदाने आमच्या अंगणात एक शोध लावला आहे आणि तो शोध खोटा आहे. हे त्याला ठाऊक नाही, मला आहे. येत्या बुधवारी, वीस तारखेला, तो नागपुरास आपल्या प्राध्यापकांसमोर आणि कलकत्त्याहून येणाऱ्या एका मोठ्या विद्वानासमोर हा शोध वाचून दाखवणार आहे. त्याची छात्रवृत्ती पुढे चालू ठेवायची की बंद करायची, हे त्याच बैठकीत ठरायचे आहे. भर सभेत तो विद्वान म्हणाला, 'करून दाखवा', आणि ते झाले नाही, तर पोराचे नाव कायमचे गेले. हा सगळा घोटाळा आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हातून घडला. त्या व्यक्तीचे नाव मी लिहिणार नाही. वयाचा मान राखला पाहिजे.

आता नळीविषयी. तिला स्पेक्ट्रोस्कोप म्हणतात. मी 'वर्णदर्शक' असे नाव सुचवले, ते मुकुंदाने आदराने ऐकून घेतले आणि कधीही वापरले नाही. वीतभर लांबीची, एका टोकाला केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला डोळा. फटीतून उजेड आत गेला की, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पदरासारखे ओळीने पसरलेले दिसतात. त्या उजेडाच्या वाटेत हिरव्या रसाची बाटली ठेवली की, तांबड्या रंगाच्या मधोमध एक काळी पट्टी उमटते. मुकुंदाचे म्हणणे, तेवढा तांबडा उजेड रस खाऊन टाकतो. (रस हिरवा, तो खातो तांबडे आणि दिसते काळे. येथपर्यंत मी मान हलवत होतो.) ऊन लागता लागता रसातला हिरवेपणा मोडत जातो, त्याची भूक कमी होते आणि काळी पट्टी बारीक होत, फिकी होत नाहीशी होते. सकाळी हिरवा होता, दुपारी पिवळट झाला, हे कोणीही सांगेल; पण मधल्या वेळात तो कसकसा मोडत गेला ते मोडत असतानाच पाहायचे, हे नळीचे काम. आम्ही धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्यात हयात घालवली. हा पोट्टा म्हणतो, अनुमान कशाला, लाकूड जळत असताना डोळा लावून बसा ना काका. मी डोळा लावला. मला प्रथम काहीच दिसले नाही, मग स्वतःच्या पापण्या दिसल्या, मग फार सुंदर रंग दिसले आणि पट्टी कोठे आहे ते विचारायचे राहून गेले.

मांडणी अशी. आमच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत विजयादशमीला चुन्याने पांढरी केलेली आहे, तिच्यासमोर स्टूल, स्टुलावर रसाची लहान बाटली उन्हात, बाटलीमागे लाकडी घोडीवर नळी आणि नळीमागे मुकुंद, डोक्यावर माझे उपरणे. बाकीचा रस एका मोठ्या बाटलीत भरून देवघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात. (गंगेच्या तांब्याशेजारी. सौ.ने एवढेच बजावले की, संध्याकाळी बाटल्यांची अदलाबदल होता कामा नये.) दर पाच मिनिटांनी मुकुंद पट्टीच्या दोन्ही कडांचे आकडे ओरडायचा आणि विजया ते वहीत लिहायची. वहीत चार रकाने: वेळ, डावी कड, उजवी कड आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मध्ये जे काही येईल ते लिहायचे. ढग, सावली, कावळा, काहीही. लहान कोणते आणि मोठे कोणते ते लिहिणाऱ्याने ठरवायचे नाही आणि कोणाला सांगत बसायचे नाही, फक्त लिहायचे, असा त्याचा दंडक. विजयेचे अक्षर तुम्हाला माहीत आहे. मी शिकवलेले संस्कृत ती विसरली, पण मी शिकवलेले वळण राहिले.

पाने नत्थूजींच्या बगीच्यातली. नत्थूजी आमच्या मागल्या कुंपणापलीकडले. झाडांना मृग बहाराची संत्री लटकलेली, आणि मुकुंद टोपलीभर पाने घेऊन परत येतो. दोन दिवस त्यांनी पाहिले, तिसऱ्या दिवशी कुंपणावरून मला म्हणाले, "मास्तर, हे पोट्टं संत्री सोडून पानं काहून तोडून राहिलं? बकरीगिकरी घेतली का तुम्ही?" मी म्हटले, संशोधन आहे. नत्थूजी म्हणाले, "घ्या मंग. पण बकरी असती तं दूध तरी भेटलं असतं."

पहिला दिवस सोमवार. साडेअकराला मुकुंदाने एकदम आरोळी ठोकली. हिरवा नाही, निळा नाही, जांभळा नाही. सगळा पदर गेला, नुसता तांबडा काठ राहिला! त्याचा चेहरा पांढरा पडला. नळी उलटी केली, झटकली, फुंकली. पाऊण तासानंतर सौ.च्या लक्षात आले की, तिने धुतलेले तांबडे लुगडे पांढऱ्या भिंतीवर पसरले आहे आणि नळी त्या लुगड्याकडे रोखलेली आहे. दिवस वाया गेला. वहीत विजयेने शेरा लिहिला: 'लुगडे'.

येथे चहाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. (विषयांतर नाही. पुढे कळेल.) माझ्या आईची रीत तुम्हाला आठवत असेल, सौसरला तुम्ही आमच्याकडे अभ्यासाला यायचे तेव्हा तुमच्यावरही ती चालली आहे. पाहुण्यापुढचा चहा बोलण्याच्या नादात थंड झाला की, त्याला न विचारता, न सांगता तो कप उचलायचा आणि त्या जागी वाफाळता कप ठेवायचा. सांगितले तर उपकार होतो, विचारले तर पाहुणा संकोचाने 'राहू द्या' म्हणतो. तेव्हा त्याची पाठ वळली की बदलून टाकायचा. मुकुंदाचा डोळा नळीला, त्यामुळे कप निवायचा तो निवायचाच. मी आपला गुपचूप बदलत होतो. दुसऱ्याच दिवशी तो गंभीरपणे म्हणाला, "काका, पांढुर्ण्याचा चहा थंडच होत नाही. पाणी वेगळं आहे का हो इथलं?" मी म्हटले, असेल. मला फार समाधान वाटले.

मंगळवारी सगळे सुरळीत चालले. पट्टी अकराला जाडजूड, बाराला अर्धी, पाऊण वाजता सुतासारखी. रस काविळीच्या रंगाचा झाला. सौ.ने पाने वाढली म्हणून मुकुंद जेवायला उठला, वही आणि नळी विजयेकडे आली. मध्ये पाच मिनिटे सौ.ने ताक घुसळायला तिला आत बोलावले. तेवढ्या पाच मिनिटांत ती वडीलधारी व्यक्ती अंगणात आली. तिने पाहिले की, पोराने पहाटेपासून ठेचून, गाळून केलेला रस उन्हाने नासला आहे आणि हे त्याला जेवताना ठाऊकही नाही. कोनाड्यातल्या मोठ्या बाटलीत ताजा, हिरवागार रस भरपूर. त्या व्यक्तीने नासलेला रस मोरीत ओतला, गाळण्यातून ताजा रस भरला, बाटली पुसून होती तशी स्टुलावर ठेवली आणि ती समाधानाने ओसरीवर जाऊन बसली. पाहुण्याचा चहा बदलला की बसतात तशी. रस नासतो कसा तेच पाहायचे होते, हे त्या व्यक्तीला त्या घडीला सुचले नाही. (सहा वेळा समजावून घेतले होते. परंतु समजणे आणि सुचणे ही दोन खाती निराळी आहेत.)

मुकुंद हात पुसत आला, डोळा लावला आणि किंचाळला. "काका! पट्टी परत आली हो!" उन्हात मोडलेला रस उन्हातच पुन्हा जुळला, असे आजवर कोणी पाहिले नाही म्हणाला. त्याने मला मिठी मारली, नत्थूजींना कुंपणावरून मिठी मारायचा प्रयत्न केला आणि प्राध्यापकांना चार पानी पत्र लिहून चारच्या टपालात टाकलेसुद्धा. आता तुम्हीच सांगा, मिठीत असलेल्या माणसाने काय करावे? त्या व्यक्तीने तोंड उघडले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यातून 'छान' एवढेच बाहेर आले.

बुधवारी त्याने प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी जागचा हलायचे नाही म्हणून जेवलाही नाही. पट्टी गेली ती गेलीच. तीन वाजले, चार वाजले, ऊन भिंतीवरून उतरले. संध्याकाळी वही घेऊन तो एकटाच बसला, भाकरीचा तुकडाही मोडला नाही. सौ. म्हणाली, "पोराचं तोंड पाहवत नाही हो माझ्याच्यानं. काय गेलं एवढं त्याचं?" गुरुवारी मात्र तो म्हणाला, मंगळवारी जे जे जसे होते ते ते तसेच करायचे, मी जेवायलासुद्धा त्याच वेळी उठणार. तो उठला. विजया आत गेली. आणि पट्टी पुन्हा परत आली. (कशी आली ते मी लिहीत नाही, तुम्ही सचिवालयात आहात, फाईल वाचून मधले ताडण्याची तुम्हाला सवय आहे.) दोनदा सिद्ध झाले की, ते शास्त्र झाले म्हणतात. शुक्रवारी प्राध्यापकांचे उत्तर आले. मुकुंदाने ते दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाला, बुधवारी वाचून दाखवायला बोलावलं आहे, वहीसकट.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मधूनच असेही वाटते की, पट्टी आपोआपही परत आली असती, कोणी सांगावे? मी काल संध्याकाळी ओसरीवर नळीतून स्वतः पाहिले, तर मला दोन पट्ट्या दिसल्या. विजया म्हणाली, बाबा, चष्म्याची दांडी बाजूला करा.

तर माझी विनंती एवढीच. मुकुंद सोमवारी सकाळच्या गाडीने नागपूरला जातो आहे. हे पत्र हाती पडताच त्याच्या वसतिगृहावर तार करा: 'प्रकृती बिघडली, ताबडतोब निघ.' बुधवार तेवढा टळू द्या. मग भोपाळला तुम्ही त्याला जवळ बसवून, बाप या नात्याने, हळूहळू सांगा की, त्या घरात कोणीतरी रस बदलला. नाव सांगण्याची गरज नाही. मी सांगितले असते, पण मी मास्तर आहे. मास्तराला दुसऱ्याच्या चुका सांगण्याचाच सराव.

सौ. वहिनींस नमस्कार. उत्तराआधी तार.

आपला,
मोरेश्वर

ता. क. सौ.ने पत्र वाचले. तिचे म्हणणे असे की, 'घरातील एक वडीलधारी व्यक्ती' असे लिहिले तर रघुनाथराव तिचेच नाव घेतील, कारण मोरीजवळ तिचाच वावर. ती तासभर बोलत नव्हती आणि आता बोलते आहे. दोन्हींतले काय बरे, ते ठरवतो आहे. तरी न्यायासाठी लिहितो की, ती व्यक्ती मी. मंगळवारी मी न समजून केले. गुरुवारी समजून केले. मंगळवारचे चहाच्या खात्यात घालता येईल, गुरुवारचे कोणत्या खात्यात घालावे मला समजत नाही. त्याचे बुधवारचे तोंड माझ्याच्यानेही पाहवले नव्हते.

ता. क. दुसरा (रविवार दुपार. काल पेटीतले टपाल निघून गेले होते, आज टपाल बंद. बरेच झाले.) वरची तार करू नका. सकाळी मी निश्चय केला की, आपणच सांगायचे. मुकुंद ओसरीवर सामान बांधत होता. मी आचरणशुद्धीपासून प्रारंभ केला, मग प्रमादाचे प्रकार सांगितले, मग मनुष्यस्वभाव; अर्धा तास झाला असेल. त्याने दोरीची गाठ मारली आणि विचारले, "काका, तुम्ही मोहरीबद्दल बोलून राहिले का?"

मी म्हटले, कसली मोहरी?

झाले होते असे. बुधवारी संध्याकाळी तो न जेवता वही घेऊन बसला, तेव्हा त्याने आकड्यांच्या जोडीने शेऱ्याचा रकाना प्रथमच नीट वाचला. मंगळवारी एकच्या पुढच्या ओळीत विजयेच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते: 'पट्टी पुन्हा काळी. बाबा ओसरीकडे जाताना. हातात गाळणे, हिरवे.' तिला सांगायचे नाही, फक्त लिहायचे असे बजावलेले. तिने फक्त लिहिले. (मी विचारले, मला तरी सांगायचेस. म्हणाली, दंडक होता ना बाबा. हे पाठांतर मी तिच्याकडून करून घेतलेले नाही.) मग गुरुवारी मुकुंदाने सगळे मंगळवारसारखे मांडले, एक गोष्ट सोडून. लहान बाटलीच्या तळाशी त्याने मोहरीचा एक दाणा टाकून ठेवला. "जेवून आलो तर रस हिरवा अन् मोहरी नाही," तो म्हणाला. "उजेडात मोहरी विरघळत नाही, काका." म्हणजे रघुनाथराव, गुरुवारी अंगणात प्रयोग रसावर चाललाच नव्हता. माझ्यावर होता. आणि निकाल पाच मिनिटांत लागला.

त्याने गुरुवारीच नागपूरच्या गाडीने निघालेल्या एकाच्या हाती प्राध्यापकांना दुसरे पत्र देऊन सगळे कळवले होते. शुक्रवारचे उत्तर त्या पत्राला होते: शेऱ्याच्या रकान्यासह पूर्ण वही आण आणि पट्टी खरी कशी गेली व खोटी कशी आली, दोन्ही वाचून दाखव, पाहुण्यांनाही ऐकू दे. छात्रवृत्तीविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही, पण 'वही लिहिणारा कोण?' असे विचारले आहे. निबंधात माझा उल्लेख आहे. मी भीत भीत पाहिला. नाव नाही. 'घरातील एक वडीलधारी व्यक्ती', असे लिहिले आहे.

मी म्हटले, अरे, मग इतके दिवस मला का नाही सांगितलेस? तर म्हणतो, "काका, तुम्ही सोमवारपासून माझा चहा बदलून राहिले. मी काही म्हटलं का?" मी विचारले, ते तुला कसे कळले? म्हणाला, "पहिल्या कपाचा कान तुटका होता. दुसऱ्याला आला." तुमचा मुलगा, रघुनाथराव, तुमच्यापेक्षा सावध आहे, तुम्ही चार वर्षे आमच्याकडे चहा प्याले आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. (लागला असल्यास आता कळवू नका.)

ता. क. तिसरा. हे सौ. सांगते तसे लिहितो. सामानात बांधण्याआधी मी ती वही मागून घेतली, म्हटले आपले अपराध एकदा डोळ्यांनी पाहावे. शेऱ्याचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कावळा, ढग, लुगडे, नत्थूजी, मी (दोन वेळा). शुक्रवारी आणि शनिवारी मी अंगणात पाऊलही टाकले नाही, कुतूहल म्हणून तेही दिवस वाचले. शनिवारी, १०-५० ला, त्याच वळणदार अक्षरात: 'निरीक्षक नळीकडे पाहत नव्हते.' १०-५५ ला पुन्हा तेच. ११ ला तेच. ११-०५ ला, 'वरीलप्रमाणे' म्हणून मारतात तशी नुसती दोन टिंबे. निरीक्षक कोठे पाहत होते ते लिहिलेले नाही. त्या रकान्यातली ही एवढीच त्रुटी मला सापडली. मी सौ.ला म्हटले, ऊन डोळ्यांवर येत असेल. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, तुम्हाला नळी दिली तरी काही दिसायचं नाही.

तर चि. मुकुंदाची पत्रिका असल्यास उलट टपाली पाठवा. विजयेला आम्ही काही विचारलेले नाही. विचारले की ती वहीत लिहील. कॉलेजात जायचे ती जूनपासून म्हणत आहे, त्याला आता माझी ना नाही, आणि शास्त्र शिकणार असेल तर मुकुंदाची त्याला ना असण्याचे कारण मला दिसत नाही. (मला काय दिसते, हे वर लिहिलेच आहे.) तुमचा रुकार असो वा नसो, मुकुंदाला यातले काही कळवू नका.

आताच संध्याकाळचा चहा झाला. त्याच्यापुढचा कप विजयेने ठेवला होता, कानतुटका. दोघे वहीतले आकडे पडताळत बसले आणि चहावर साय धरली. सवयीने मी उठलो, तर सौ.ने माझा सदरा धरून मला खाली बसवले. तो थंडगार चहा त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि छान झाला म्हणाला.